तुमच्याकडं काय होत न्हाय?

आमच्या शेजारच्या शेवंताआक्का दर बुधवारी सकाळी दहाला दवाखान्यात जाऊन बसतात. त्यांना काहीही झालेलं नसतं.

केसपेपर काढायचा नाही, तपासून घ्यायचं नाही. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर पाऊण तास नुसतं बघत बसायचं. डॉक्टर किती वाजता आले, आल्यावर आधी पेशंटकडे बघितलं की मोबाइलकडे, रडणाऱ्या पोराला आधी घेतलं की ओळखीच्या माणसाला. मग घरी येऊन माझ्या ओट्यापाशी उभं राहून निकाल सांगायचा. पुढच्या बुधवारी दुसरा दवाखाना. मध्यंतरी दोन महिने खंड पडला, त्याचं कारण शेवटी सांगते.

सोलापुरात अलीकडे चौकाचौकात असे दवाखाने निघालेत. अपॉइंटमेंट नको, ओळख नको. आत जायचं आणि तासाभरात टाके घालून किंवा वाफ घेऊन बाहेर पडायचं. पाट्यांवर त्यांची नावं मोठमोठी असतात. आक्का सगळ्यांना मिळून ‘झटपट’ म्हणतात.

आक्का मूळच्या केम गावच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि एका शाळेत शिपाई म्हणून लागल्या. निवृत्त होईपर्यंत त्या शाळेची घंटा त्यांच्या हातात होती. त्यामुळे घड्याळाकडे न बघता तास संपल्याचं त्यांना कळतं, आणि कुठलाही माणूस खुर्चीत बसला की तो काम करतोय की नुसता बसलाय, हेही कळतं. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, म्हणून त्यांच्या लेखी मी मॅडम.

मी स्वतः यादी करणारी बाई आहे. वाण्याची यादी, प्रवासाची यादी, कुणाला कधी फोन करायचा त्याची यादी. या घरात राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी जवळच्या सात दवाखान्यांची यादी करून फ्रिजवर लावली: नाव, फोन, वेळ, अंतर. आक्का साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“अक्षर ब्येस हाय,” त्या म्हणाल्या. “पायऱ्या कुटं लिवल्या?”

“कसल्या पायऱ्या?”

“तीन नंबरचा वरच्या मजल्यावर हाय. लिफ्ट न्हाय. पाय मोडलेला मानूस तितं काय उडत जाणार व्हय?”

मी मुकाट्याने एक रकाना वाढवला. नंतर आणखी वाढत गेले. रिक्षा दारापर्यंत जाते का. संडास कुठल्या बाजूला आहे. ईसीजीचं मशीन आहे का, आणि मशीन असलं तर त्यात कागद आहे का. हा शेवटचा प्रश्न मला कधीच सुचला नसता. एका चकचकीत झटपटमधून आक्का परत आल्या आणि म्हणाल्या, “मशीन लई भारी. वर कापड टाकून ठेवलंय, देवावानी. कागूदच न्हाय त्यात.”

पण आक्कांची खरी परीक्षा एकाच प्रश्नाची असते. काउंटरवरची मुलगी विचारते, “काय होतंय, मावशी?” आक्का म्हणतात, “मला काय न्हाय. तुमच्याकडं काय होत न्हाय, ते सांगा.”

एकदा मी सोबत होते. ती मुलगी हसून म्हणाली, “आमच्याकडे सगळं होतं, मावशी.”

“बाळंतपन?”

“नाही, ते नाही.”

“हार्ट?”

“ते पुढे पाठवतो.”

“पुढं म्हंजे कुटं?”

“ते डॉक्टर ठरवतात.”

“डॉक्टर कुटं हायत?”

“येतीलच एवढ्यात.”

आक्का उठल्या. बाहेर पायरीवर चप्पल घालताना मला म्हणाल्या, “सगळं होतं म्हननारा खोडायचा. पेन हाय का?”

याउलट नवी पेठेच्या मागच्या बोळात एक डॉक्टरीणबाई बसतात. जागा एवढीशी, बाकाचा एक पाय आखूड. आक्कांनी त्यांना तोच प्रश्न विचारला, तर बाईंनी हातातलं काम ठेवून शांतपणे मोजून दाखवलं: हे होत नाही, तेही नाही, अमुक असेल तर माझ्याकडे वेळ घालवू नका, सरळ अमक्या ठिकाणी जा, मी फोन करते. आक्का घरी आल्या त्या खूश होऊन. “ह्या बाईला आपलं माप ठाऊक हाय,” म्हणाल्या. माझ्या यादीत त्या एक नंबरला गेल्या आणि अजून तिथेच आहेत.

काही ठिकाणी आक्कांना कॉर्पोरेशनच्या तपासणीच्या बाई समजून चहा मिळाला. त्यांनी तो घेतला. निकाल बदलला नाही.

कुणाला वाटेल की झटपट दवाखान्यांवर त्यांचा राग आहे. तसं अजिबात नाही. उन्हाळ्यात कूलर साफ करताना माझ्या नवऱ्याच्या तळव्याला पत्रा लागला, तेव्हा मी मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढलं. आक्का म्हणाल्या, “तितं निस्ता कागूद काढंपर्यंत दुपार हुईल. चला झटपटला.” विसाव्या मिनिटाला टाके घालून नवरा बाहेर आला. पण तिथल्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसराच डॉक्टर होता. त्याने पहिल्यापासून सगळं विचारलं. आक्का म्हणाल्या, “ह्येच त्येंचं वाईट. घाई भागती, पन वळख ऱ्हात न्हाय.”

अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या लोकांना तर त्या दारातच अडवतात. “बाटलीत मीठपानी हाय. घरी लिंबू पिळून देते, बसा हितं.” आणि खरोखर देतात.

या सगळ्या अनुभवातून त्यांनी एक नियम काढला. आता तो आमच्या गल्लीत पोरांनाही पाठ आहे. ताप, टाके, वाफ, मुरगळ: झटपट. छातीवर दाब, तोंड वाकडं, जीभ जड: सरळ मोठ्या हॉस्पिटलात, वाटेत थांबायचं नाही. या नियमाने आमच्या गल्लीतली निदान दोन माणसं आज चालती-बोलती आहेत. मला या बाईचं मनापासून कौतुक वाटतं. माझ्या याद्या कागदावर असतात. त्यांनी त्यांची यादी बाकावर बसून, पाय दुखेपर्यंत तपासून केलेली असते.

आता त्या दोन महिन्यांच्या खंडाचं कारण.

जेऊरहून माझा भाऊ बायको-मुलींना घेऊन तीन दिवस राहायला आला होता. सोमवारी सकाळी समोरच्या सलीमभाईंच्या रिक्षातून ते स्टेशनवर गेले. मी गाद्यांच्या खोळी काढत होते. दारात आक्का उभ्या.

“गेले पाव्हणे?”

“आत्ताच गेले.”

“मॅडम, जरा मोकळ्या हाय का?”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मोकळ्या आहात का, असं त्या विचारत नाहीत. सरळ आत येतात. मी नीट बघितलं. कपाळावर घाम होता आणि एक हात दाराच्या चौकटीवर होता.

“पित्त झालंय,” त्या म्हणाल्या. “झटपटला जाऊन येऊ. एक इंजेक्शन घेतलं की झालं.”

“छातीत दुखतंय का?”

“दुखत न्हाय. कुनीतरी वर बसल्यावानी वाटतंय.”

“मग झटपट नाही. मोठ्या हॉस्पिटलात.”

“माझी छाती हाय. मला कळतंय की.”

“नियम कुणाचा आहे, आक्का?”

मी जिभेखालच्या गोळीपासून आधार कार्डापर्यंत काय काय घ्यायचं ते मनात मोजत होते, तेवढ्यात स्टेशनवरून सलीमभाई परत आले. त्यांनी आक्कांचा चेहरा बघितला आणि इंजिन बंदच केलं नाही. “आक्का, बैठो. सिग्नल का मैं देख लेतूं.”

वाटेत तो चकचकीत झटपट लागला. आक्कांनी माझा हात दाबला. “हितं उतरू. कागूद भरलाय त्येंनी आता मशीनमदी. गेल्या बुधवारी मी बघितलंय.”

“नाही,” मी म्हटलं. सलीमभाईंनी रिक्षा आणखी जोरात घेतली.

मोठ्या हॉस्पिटलात पाचव्या मिनिटाला आक्का खाटेवर होत्या आणि छातीला वायरी लागल्या होत्या. तरुण डॉक्टर कागदाची पट्टी बघत होता.

“आजी, कधीपासून?”

“सकाळपासनं.”

त्याने पट्टीवरची नजर न काढता म्हटलं, “खरं सांगा. औषध त्यावर ठरतं.”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. “शुक्कारपासनं.”

शुक्रवारी संध्याकाळी माझा भाऊ आला होता. शनिवारी मी आक्कांकडे पुरणपोळीचं ताट पाठवलं. त्यांनी ते स्वतः घासून परत आणून दिलं, दारात उभं राहून भाच्यांची नावं विचारली, धाकटीच्या गालाला हात लावला. रविवारी आम्ही गच्चीत पत्ते खेळत होतो, तेव्हा त्यांनी खालून विचारलं होतं, कोण जिंकतंय म्हणून.

“आक्का, आपली भिंतीला भिंत आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण नर्सने वळून बघितलं. “एक हाक मारायची होती.”

“कशी मारू? भाऊ दोन वर्सांनी आलेला तुमचा. त्येला टाकून तुमी माझ्यासंगं आल्या असत्या.”

“आले असते.”

“म्हनूनच न्हाय मारली.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं.”

आक्का छताकडे बघत राहिल्या. ज्या बाईने निम्म्या गल्लीला दवाखान्यात पोचवलं, तिला तीन दिवसांत दुसरं नाव आठवलं नव्हतं. किंवा आठवायला नव्हतंच.

रक्ताच्या तपासण्या आणि औषधं यांत दोन तास गेले. मग डॉक्टर म्हणाला, अँजिओप्लास्टीला आत घ्यावं लागेल, सही करा. मी सही केली. वॉर्डबॉयने ट्रॉली लावली. तेवढ्यात माझा फोन वाजला. भावाचं नाव बघून मी तो बंद करायला गेले.

“घ्या की,” आक्का ट्रॉलीवरून म्हणाल्या. “पोचले का इचारा.”

मी घेतला. “पोचले, आक्का. जेऊरला उतरले.”

“धाकटीला गाडी लागती म्हनत हुत्या वयनी. लागली का?”

वॉर्डबॉय थांबला होता, डॉक्टरही थांबला होता. मी भावाला विचारलं.

“नाही लागली म्हणतोय.”

“न्हाय ना?” आक्कांनी डोळे मिटले आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, “घे बाबा आत. आता काय न्हाय.”