मुन्सफसाहेबांचे दुभाषी

विद्यानगरातले दिगंबरकाका सशाच्या वतीनं बोलत, आणि तेही थेट 'मी' म्हणून.

"मला तुझ्या चपलांचा वास आवडला नाही," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मी ओशाळून चपला आणखी लांब सरकवल्या. तर म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? मी नाही म्हणालो. हे म्हणाले." अंगणातल्या हौदाशेजारी एक राखाडी ससा कान मागं टाकून माझ्याकडं बघत होता. त्यांचं नाव मुन्सफसाहेब. त्यांना कुणी 'अरे-तुरे' केलेलं काकांना खपत नसे.

काका जन्मभर कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार तेलुगूत बोलला, उर्दूत बोलला, बीदरकडच्या मराठीत बोलला, तरी काका त्याचं बोलणं जजसाहेबांना इंग्रजीत ऐकवत. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं, असा त्या कामाचा रिवाज. "असे मी किती खून कबूल केलेत, गिनती नाही," ते सांगत. "दोनदा तर स्वतःच्या भावाची विहीर पण चोरली. पण माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही मियाँ, आणि त्याचा एक गाळला नाही." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

मी चंदगडकडचा. नववीतनं शाळा सुटली आणि केबलच्या तारा ओढायच्या कामावर इतक्या लांब हैदराबादला आलो. तेव्हा परदेशी चॅनेलचं नवंनवं वेड होतं. जो तो गच्चीवर उभा राहून "आमच्याकडं कधी?" विचारायचा. काम भरपूर होतं, पण राहायला जागा टिकेना. पहिली खोली पाडून तिथं फ्लॅट उठले, दुसऱ्या खोलीत मालकाचा मेहुणा येऊन बसला. ठेकेदारानं बजावलं होतं, "आता पक्का पत्ता आण, नाहीतर गावाकडची गाडी धर." गावाकडं माझ्यासाठी काहीही नव्हतं.

काकांची अंगणापलीकडची खोली रिकामी होती. अट एकच. "एक महिना कच्चा राहायचं. महिन्यानं मुन्सफसाहेबांचं बयान घेऊ. ते राजी, तर तू पक्का. ते नाराज, तर माझ्या हातात काही नाही."

आणि मी पहिल्याच दिवशी घोळ घातला. ससा माझ्या तारेच्या भेंडोळ्याशी पोचला होता. दातांनी कडाकड तार तोडत होता. मी धावत जाऊन त्याला कानांना धरून उचललं. पुस्तकातल्या चित्रात तसंच धरलेलं बघितलं होतं.

"कान सोड!" काका आतून ओरडत आले. "कान धरायचेच असले तर स्वतःचे धर!"

मी खरोखर स्वतःचे धरले. ससा खाली उतरला, मागचे दोन्ही पाय झटकत निघाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही," काका म्हणाले.

पुढचा महिना मी ती भाषा शिकत काढला. शाळेत इतकं लक्ष दिलं असतं तर तारा ओढत हिंडलो नसतो. ससा हनुवटी घासतो ती जागा त्याची. काकांच्या खुर्चीचे चारही पाय, पितळी तांब्या, पेपर, सगळं त्यानं नावावर करून घेतलं होतं. दात हलके कुरकुरले तर सुखात आहे, मोठ्यानं करकरले तर कुठंतरी दुखतंय. मान पुढं ताणून वास घेतोय पण मागचे पाय जागचे हलत नाहीत, तर अजून भरवसा नाही. उडी मारताना हवेतच अंगाला पीळ दिला की खुशीत आहे. मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला की धोका, नाहीतर राग.

एकदा तो बसल्या जागी धपकन कुशीवर पडला. पाय ताठ, डोळा अर्धा मिटलेला. मी बोंबलत काकांना उठवलं. वाटलं, मेला ससा आणि गेली खोली.

काकांनी चष्मा पुसून बघितलं. "या घरात मला कुणाची भीती नाही, असं म्हणतायत. मरणारा माणूस असं बोलत नाही."

मी काकांच्या मागं होतो. मुन्सफसाहेबांनी मला बघितलंच नव्हतं.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या यादम्माला सगळं ठाऊक होतं. मी सशासाठी रोज पालक, कोथिंबीर घेई, आणि ती हसायची. "रिश्वत देरे क्या? वो नै लेते. सख्त जज है." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकी जिंदा थे तब ये काका घर में दो लफ्ज नै बोलते थे. काकीच लाए थे खरगोश. अब देखो, उसका पूरा भाषण सुनाते."

महिना भरला. रविवारी सकाळी काकांनी अंगणात चटई टाकली, धुवट सदरा घातला आणि उभे राहिले. मला चटईच्या एका टोकाला बसवलं. माझी ट्रंक मी आधीच बांधून ठेवली होती.

मुन्सफसाहेब हौदामागून आले. मान लांब करून त्यांनी माझ्या गुडघ्याचा वास घेतला. मागचे पाय तिथंच रोवलेले. मी श्वास धरून बसलो. मग त्यांनी कान पाठीवर चपटे केले, वळले, माझ्याकडं मागचे पाय झटकले आणि जाता जाता फरशीवर पाय आपटला. एकदा. परत एकदा.

आता मला दुभाषी लागत नव्हता. मी ट्रंकेकडं बघितलं.

काकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. नंतर घसा खाकरला. "मी," म्हणाले, आणि थांबले. "मी राजी आहे. या पोराला राहू द्या."

"पण काका, पाय आपटला की."

"दुभाष्याची उलटतपासणी होत नसते," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "ट्रंक सोड."

मी ट्रंक सोडली. काकांच्या पाया पडावं म्हणून संध्याकाळी दारापाशी गेलो, तर ते अंगणात हौदाशी उकिडवे बसलेले. पाठ माझ्याकडं होती. मुन्सफसाहेबांशी बोलत होते, कोर्टातल्यासारखं, हळू आणि अदबीनं.

"माफ करना साहब. आपका बयान बदल दिया मैं. उमर भर नै किया था." जरा थांबले. "उसके चप्पलों की आवाज आती ना शाम कू, तो घर में कोई आया जैसा लगता."

मुन्सफसाहेबांनी काकांकडंही पाठ केली. काका तसेच बसून राहिले, मेथीची एक काडी पुढं धरून. मी पाया न पडताच माघारी फिरलो आणि खोलीत शिरताना चपला जरा मोठ्यानं वाजवल्या.