आवडाबाईंची वीत

श्री. ज्याने अवघे ब्रह्मांड मोजमापाविना रचिले आणि तरी कोठे तसूभर चुकला नाही, त्यास दंडवत घालोन हकीकत लिहितो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरे, वैशाख मासी एके राज्यी सात राज्यांचे शास्त्री एकत्र जाहले आणि साऱ्या पृथ्वीस लांबीचे एकच माप ठरवावे ऐसी मसलत मांडिली. मग काय पुसता! हरएकाने आपल्या राजाचा हात प्रमाण म्हणोन पुढे केला, आणि हर राजाचा हात दुसऱ्याहून बोटभर लांबच निघाला, आणि मग सात दिवस नुसती हमरीतुमरी. एकाने तर पगडी भिरकाविली. अखेर थकोन गिरमाजीपंत यंत्रकार यांस सल्ल्यास पाचारिले.

पंत मोठे कल्पक. पाणी चढविणारे चक्र, आपोआप टोल देणारी घंटा, सारी त्यांचीच करणी. आणि यंत्राचे भाग दहा गावी घडविले तरी बिनचूक जुळत. कारण पंतांपाशी एक शिसवी काठी होती, तीवर दोन खुणा. पहिल्या यंत्राचे वेळी माप कोणते धरावे याचा घोळ पडला, तेव्हा कुटुंब आवडाबाई यांनी काठीवर हात पसरिला आणि म्हणाल्या, "ही घ्या माझी वीत आणि लागा कामाला! किती दिवस डोके खाजवीत बसाल?" पंतांनी हसत खुणा केल्या. पुढे बाई देवीच्या साथीत वारल्या. तेव्हापासोन रोज सकाळी पंत त्या दोन खुणांवर बोटे ठेवीत आणि मगच कामास बसत. जीव तुटे, परंतु सांगावे कोणास?

सभेत मुख्य शास्त्री म्हणाले, "पंत, आपली काठीच द्यावी. सात कुलुपांत राहील, पुन्हा कोणाचा हात लागणे नाही. परंतु ही वीत कोण्या राजाची?"

पंत म्हणाले, "राजाची नव्हे. माझे घरी होती, तिची."

"बायकोची?" एक शास्त्री फिसकन हसले. मुख्य शास्त्री म्हणाले, "उत्तम! बाईंचे कोणाशी वैर नाही. आपण नक्कल करोन न्यावी."

"नकलेवर तिचा हात कोठे टेकला आहे, महाराज?" ऐसे पंत बोलिले. काठी न द्यावी तर सात राज्ये पुन्हा भांडणार. द्यावी तर सकाळ कशी काढावी? मग बोटे खुणांवर घटकाभर ठेविली, डोळे पुसिले आणि काठी दिली. नक्कल नेली नाही.

वर्षभरात गावोगावच्या गजांवर ती वीत कोरिली गेली. पंत बाजारी गेले आणि कापडवाल्यास म्हणाले, "वीतभर खण द्या."

"वीतभर? पंत, एवढ्याचे शिवणार काय?"

"शिवावयाचे नाही. तुम्ही मोजा. सावकाश मोजा."

येणेप्रमाणे पृथ्वीस माप जाहले, शास्त्री बिदागी घेवोन स्वस्थानी गेले, आणि पंत दर बाजारी वीतभर कापड घेत गेले. जैसे ऐकिले तैसे लिहिले.