शंभर माणसांचं वरण

आमच्या दिग्रसच्या जिनिंगच्या फाटकावर इंगोले फौजी गाडीवाल्याला नाव विचारत नसे, गाव विचारत नसे. तो एकच विचारायचा, "जेवले का?" नुसतं "हो" म्हटलेलं चालत नसे. काय जेवले ते सांगावं लागे, मग फाटक उघडायचं. एकदा मालकांचे जावई नागपूरहून मोटार घेऊन आले. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. फौजी सावकाश काचेपाशी गेला आणि त्याने आपला प्रश्न विचारला. जावयांनी वैतागून सांगितलं की वाटेत सँडविच खाल्लं. फौजीने थोडा विचार केला आणि ते जेवण नव्हे, नास्ता आहे, असा निकाल दिला. मालकांनी नंतर त्याला बोलावून चांगलंच झापलं. फौजीचं म्हणणं एवढंच होतं की उपाशी माणूस मशीनजवळ सोडणं बरं नाही, चक्कर येते.

मी तिथेच वजनकाट्यावर बसायचो, म्हणून तो मला 'बाबू' म्हणे. मी त्याला फौजीभाऊ म्हणायचो. साठीच्या घरातला, काटक, मिशा मात्र एखाद्या धिप्पाड माणसाच्या उसन्या आणल्यासारख्या. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन वर्ध्याकडे. फाटकाशेजारच्या खोलीत तो एकटा राहायचा.

ते दिवस कापसाचे वाईट होते. खरेदी आज सुरू, उद्या बंद. कधी भाव नाही, कधी बारदाना नाही. गावागावांतून अशा बातम्या यायच्या की आम्ही पेपर वाचायच्या आधीच घडी करून ठेवायचो. गाड्या दोन-दोन दिवस आवारात उभ्या राहत. कापसावर बसलेली माणसं एकमेकांशी बोलतही नसत, बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला तर काट्यावर बसूनच थकवा यायचा.

फौजी मात्र दुपारी बारा वाजले की भिंतीकडेला चूल पेटवायचा. सगळ्या गाडीवाल्यांच्या शिदोऱ्या गोळा करायच्या, कोणाचं पीठ, कोणाचं बेसन, कोणाच्या मिरच्या, आणि एकच मोठं पातेलं चढवायचं. मग सगळ्यांना ताटली घेऊन रांगेत उभं करायचं. धुतलेले हात दाखवायचे, मग भाकर. कोणी रांग मोडली तर म्हणायचा, "तुमचा कापूस दोन दिवस लाइनीत उभा राहू शकते, तुम्हाले पाच मिनिटं जमत नाई?" असं बोलला की दोन दिवसांत न हसलेली माणसं हसायची. पिठलं एकदम फक्कड असायचं, पण मीठ जरा जास्त. हाताला शंभर माणसांचा अंदाज बसला होता, तो काही केल्या सुटत नव्हता.

कारण हा आमचा फौजी पलटणीत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. दर सव्वीस जानेवारीला शाळेत त्याला भाषणाला बोलवायचे. हेडमास्तर आधी स्वतःच पोरांना सांगायचे, की आता आपण एकाहत्तरच्या लढाईचा थरार ऐकणार आहोत. मग फौजी उभा राहायचा आणि शंभर माणसांच्या वरणाला डाळ किती, पाणी किती, हळद केव्हा, हे समजावून सांगायचा. हेडमास्तर मधेच हळूच विचारायचे, "शत्रू किती जवळ होता?" फौजी म्हणायचा, की ते समोरच्या लोकांना ठाऊक, आपली पाठ तिकडे होती, आपण चुलीवरच्या डेगीकडे पाहत होतो.

फौजेत तो कसा गेला तेही ऐकण्यासारखं. बाप गावचा कोतवाल. छप्पन साली त्याने नागपूरला जाऊन धम्म घेतला आणि परत आल्यावर गावाला सांगितलं, की आजपासून मेलेली ढोरं ओढणार नाही. गावाने भांडण केलं नाही, फक्त खळ्यावरचं धान्य देणं बंद केलं. घरात सहा तोंडं. फौजी सांगायचा की बापाने मान ताठ केली ते बरंच केलं, पण ताठ मानेखाली पोट असते, ते कोणी पाहत नाही. पुढे यवतमाळला भरती निघाली. फौजेत दोन्ही टाइम जेवण असतं, एवढं ऐकून हा चालत निघाला. छाती अर्ध्या इंचाने कमी भरली. साहेबाने विचारलं, स्वयंपाक येतो का? आई मजुरीला जायची, तेव्हा घरी हाच चूल सांभाळायचा. हो म्हणाला.

"देश वाचवाले नाई गेलतो बाबू," तो मला सांगायचा, "जेवाले गेलतो."

फौजीची एक खोड मात्र मालकांना खपत नसे. डिसेंबरात, ऐन हंगामात, तो तीन दिवस गायब व्हायचा. कुठे जातो ते सांगत नसे. विचारलं तर 'ड्युटी' म्हणायचा. कोणी म्हणे पिऊन पडतो, कोणी म्हणे उमरखेडकडे त्याचं दुसरं घर आहे.

एका वर्षी डिसेंबरातच खरेदी बंद पडली आणि आम्हाला सुट्टी दिली. फौजीचे गुडघे त्या हिवाळ्यात फार धरले होते. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, की एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, सोबत येता का. मी काही न विचारता निघालो. पुसदला गाडी बदलली, उमरखेडला उतरलो, तिथून जीपने एका लहानशा गावात गेलो.

ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. फौजीने वाकून पाय धरले आणि माझी ओळख करून दिली. मला सांगितलं, ही महादूची माय. महादू त्याच्याच कंपनीतला, लढाईत गेलेला. भिंतीवर त्याचा फोटो होता, विशीतला मुलगा, टोपी जरा मोठी झालेली.

म्हातारीने सूप बाजूला केलं. "सांग रे बाबा," ती म्हणाली, "त्या दिशी काय जेवला होता माझा महादू?"

फौजी उभा राहिला, हात सरळ केले. "वरण, भात, चार पोळ्या. आन् शिरा केलता त्या दिवशी. शिरा दोनदा मांगला त्यानं."

"शिरा आवडायचाच त्याला," म्हातारी म्हणाली.

मग फौजी आत गेला. दरवर्षी त्या दिवशी त्या घरातला स्वयंपाक तोच करायचा. म्हातारीच्या धाकट्या सुनेने कपाळाला हात लावून मला सांगितलं की आता दोन दिवस खारट खावं लागणार.

मी ओट्यावर बसून शेंगा सोलायला लागलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. म्हातारी माझ्याकडे न बघता बोलली.

"महादू उपाशी गेला. मला म्हाईत हाय."

ती सांगत गेली. लढाई संपल्यावर कंपनीतला एक जण सुट्टीवर आला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, की त्या दिवशी जेवण पोचलंच नव्हतं, रिकाम्या पोटी निघालो. मग दोन-तीन महिन्यांनी हा आला. इथेच बसला. तोंडातून शब्द फुटेना.

"काहीतरी बोलावं त्यानं, म्हणून मी विचारलं, जेवला होता का रे माझा लेक? तर हो म्हणाला. त्याचं तोंड पाहिलं अन् मी गप बसले. एक तर गेलाच होता. म्हटलं, हा तरी राहावा." तिने मूठभर दाणे सुपात टाकले. "पुढच्या साली पुन्हा आला. मी पुन्हा विचारलं. न विचारते, तर त्यानं काय करावं? तुम्ही त्याला सांगू नका."

मी सांगणार नाही म्हणालो.

तिसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत फौजी खिडकीशी बसला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीवर कापूस तसाच फुटून लोंबत होता. पुसद यायच्या आधी तो आपणहून बोलला. महादू गेला त्या दिवशी पहाटेचं जेवण पुढे कंपनीला पोचवायचं होतं. धानाच्या ओल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गाडी रुतली. डेगी खांद्यावर घेऊन निघाले, तर पोचायला दुपार झाली. कंपनी केव्हाच पुढे गेली होती. संध्याकाळी जे परत आले ते जेवले. सत्तावीस जणांचं उरलं.

"महादू जेवला नव्हता बाबू. बुढीपाशी खोटं बोलून राह्यलो मी. शिरा तं त्या दिवशी केलाच नव्हता."

म्हातारीला सगळं ठाऊक आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी म्हातारीला शब्द दिला होता, आणि सांगून त्याचं काय हलकं होणार होतं, तेही मला कळत नव्हतं. मी ते गिळून टाकलं. फौजी मिशांवरून हात फिरवत बाहेर बघतच म्हणाला,

"आधी वाटे, बुढी गेली का मी सुटलो. आता ते थकली. आता भेव लागते बाबू. ते गेली, तं मी जाऊ कोणाकडे?"

पुसदचा स्टँड आला. पायऱ्या उतरताना त्याने माझा खांदा धरला आणि खाली उतरल्यावरही बराच वेळ धरून ठेवला.