भागूबाईंची ओळख

भागूबाई नावाचं कुणीही आपल्या कॉलनीत राहत नाही, याची पक्की खात्री करून घ्यायला वैजनाथरावांना अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी त्यांनी भागूबाईंना काढून टाकलं आणि समाधानाने चहा मागितला.

प्रकरण पाण्याचं होतं. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. शहर बीड बायपास ओलांडून डोंगराकडे सरकलं होतं, पण नळ काही त्याच्याबरोबर आले नव्हते. चाळीस रो हाऊस, प्रत्येकाच्या दारात एक हौद आणि सगळ्यांची मदार एका टँकरवर. टँकरच्या वेळेचा नेम नसे. तो आला की दोनदा हॉर्न वाजवी, पाइप घेऊन जो दारात उभा असेल त्याचा हौद भरी आणि निघून जाई. म्हणून वैजनाथरावांच्या मुलाने, हिमांशूने, इंटरनेटवर सगळ्यांचं मिळून एक पान उघडलं होतं. ज्याला टँकरची खबर लागेल त्याने त्यावर लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. सहा महिने ठीक चाललं. मग कुणा ‘बंटी’ने ‘आज टँकर नाही’ असं लिहिलं, सगळी कॉलनी निवांत एका लग्नाला गेली आणि टँकर रिकाम्या गल्लीत हॉर्न वाजवून परत गेला.

“पानावर लिहिणाऱ्याची ओळख पटवलीच पाहिजे,” असं बैठकीत ठरलं आणि सगळ्यांच्या नजरा वैजनाथरावांकडे वळल्या. त्यांनी कोषागारात एकतीस वर्षं पेन्शनरांची ओळख पटवली होती. एकदा सही न जुळलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना ते म्हणाले होते, “तुम्ही आहात हे मला दिसतंय. पण सही तुम्ही नाही आहात.” मास्तर अजूनही ही गोष्ट लोकांना सांगतात. निवृत्तीनंतर इतकी वर्षं हात शिवशिवत होते, ते आता कामाला लागले.

नियम त्यांनी एका रात्रीत लिहून काढले. वीजबिलाचा फोटो. आजचा पेपर छातीशी धरून काढलेला स्वतःचा फोटो. आणि ओळखणाऱ्या दोन माणसांची शिफारस. आठवडाभर कॉलनीतले लोक कुणीतरी पळवून नेल्यासारखे चेहरे करून, पेपर धरून फोटो पाठवत होते. एकोणचाळीस घरं अधिकृत झाली, वैजनाथरावांचं घर चाळीसावं. उरल्या भागूबाई.

“वीजबिल पाठवा,” वैजनाथरावांनी त्यांना पानावरच लिहिलं.

“लाइट बिल नाय. उद्या अकराला पाणी,” भागूबाईंचं उत्तर आलं.

“पेपर धरून फोटो पाठवा.”

“पेपर इथं येत नाय. परवा साडेनऊ. पाइप तयार ठेवा.”

“अहो, पण त्यांची वेळ एकदा तरी चुकली का?” त्यांच्या बायकोने, सरोजिनीबाईंनी विचारलं. “अकराला म्हणाल्या, अकराला टँकर आला. साडेनऊ म्हणाल्या, साडेनऊला आला.”

“वेळ बरोबर असणं हा ओळखीचा पुरावा नाही,” वैजनाथराव म्हणाले.

“रविवारी चारुताचं डोहाळजेवण आहे. पंचवीस माणसं जेवायला येणार. हौद भरलेला नसला तर तुमचा पुरावा वाढू का पानात?”

वैजनाथरावांनी सुनेच्या डोहाळजेवणासाठी आचारी ठरवला होता, झोपाळा आणला होता आणि फुलांच्या धनुष्यबाणाचीही सोय केली होती. पाण्यासारखी गोष्ट अडेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आता तर पान अधिकृत होतं. गुरुवारी भागूबाई पानावरून गेल्या.

शुक्रवारी पानावर अधिकृत माणसांनी अधिकृत अंदाज लिहिले. कुणी लिहिलं, शनिवारी चारला येईल असं वाटतं. कुणी लिहिलं, सहाच्या आत काही खरं नाही. सगळ्यांची वीजबिलं जोडलेली होती. चार तर चार, म्हणून वैजनाथराव शनिवारी सकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेले. टँकर दहालाच येऊन गेला. परतल्यावर त्यांनी हौदाचं झाकण उचललं, तर तळाशी एक प्लास्टिकचा मग आडवा पडला होता.

सरोजिनीबाईंनी उद्याची पंचवीस पानं मोजायला घेतली. त्याची वैजनाथरावांना जास्त धास्ती वाटली.

तेवढ्यात पलीकडच्या कॉलनीतून दोनदा हॉर्न ऐकू आला. हिमांशूच्या स्कूटरवर दोन ड्रम बांधून वैजनाथराव धावले. तिथे टँकरशेजारी त्या कॉलनीच्या आशाबाई मोबाइल घेऊन उभ्या होत्या.

“इथलेच का तुम्ही?”

“शेजारचा. दोनच ड्रम, बाई. घरी कार्य आहे.”

“मग ओळख पटवा. पेपर धरून फोटो आणि दोन माणसांची शिफारस.”

“हा कुठला नियम?”

“तुमच्याच कॉलनीचा. आम्ही मागवून घेतला. लई कडक नियम आहेत बघा. खाली नावसुद्धा आहे, वैजनाथ म्हणून.”

“अहो, तो वैजनाथ मीच.”

“व्हय? ते आमाला कसं कळावं?” आशाबाई शांतपणे म्हणाल्या.

वैजनाथरावांनी खिसे चाचपले. कागद घरी, पेपर घरी, आणि ओळखणारी चाळीस घरं सगळी पलीकडे. सही न जुळलेले मास्तर त्यांना आठवले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना त्या मास्तरांची दया आली.

“ह्यांला मी वळखतो,” टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

“तू कोण बाबा?” वैजनाथरावांनी विचारलं.

“मी पुंजाराम, देवगाव रंगारीचा. तुमच्या पानावर मी भागूबाई हाय. सिम बायकोच्या नावावर घेतलंय, तिचंच नाव येतं. लोकं ताटकळत्यात म्हणून टायम टाकत व्हतो. परवा तुमी काढलं मला.”

वैजनाथरावांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. अकरा दिवस ज्याच्याकडे वीजबिल मागितलं, तो माणूस एक दिवसाआड त्यांच्याच दारात उभा राहत होता, आणि त्यांनी त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं.

“एक शिफारस झाली,” आशाबाई म्हणाल्या. “दुसरी?”

पुंजारामने फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा धरला. “अगं, वैजनाथराव म्हणून कुणाला वळखती का?”

“न वळखून सांगते कुणाला?” पलीकडून खणखणीत आवाज आला. “मला लाइट बिल मागत व्हते, तेच ना? माणूस खरा हाय. द्या त्यांला पाणी.”

“भागूबाई आमच्याकडं अधिकृत हाय,” म्हणत आशाबाईंनी यादीवर खूण केली. “भरा.”

घरी येताच वैजनाथरावांनी पान उघडलं आणि भागूबाईंना परत घेतलं. शिफारस करणारे म्हणून दोन नावं लिहिली, वैजनाथ आणि सरोजिनी. वीजबिलाची जागा त्यांनी दोनदा तपासली आणि कोरीच ठेवली.

दहा मिनिटांनी पानावर ओळ उमटली. “उद्या सकाळी साडेसहाला. पहिलं पाणी वैजनाथरावच्या हौदात, सूनबाईचं कार्य हाय. पाइप धरून उभं राहा. पेपर नको.”