सहाच्या वर मार्क नाहीत

बोरस्ते गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाला दहापैकी सहाच्या वर मार्क दिले नाहीत. मला चित्रकलेत दोन दिले होते, तेही कागद स्वच्छ ठेवला म्हणून. सायखेड्याच्या शाळेतून निवृत्त होऊन ते नाशकात नेमके आमच्या शेजारी राहायला आले, आणि तपासणी पुढे चालू! मिसळ खायला नेलं की पहिल्या घासाला निकाल. "रश्श्याला पाच. पावाला तीन. मालकाच्या बोलण्याला शून्य." हे मालकाच्या तोंडावर. माझ्या लग्नात त्यांनी भटजींना साडेचार दिले. मंगलाष्टकं चालू असताना.

पुढे त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांची चिठ्ठी बघून पहिला प्रश्न काय, तर "हे अक्षर घेऊन हा पास कसा झाला?"

दर तीन आठवड्यांनी केमो. मूलबाळ नाही, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, म्हणून स्कूटरवरून नेणारा मी. दवाखान्यात तेव्हा नवीनच कॉम्प्युटर आला होता, पडद्यावर बोटाने दाबायचा. डॉक्टरांकडे जायच्या आधी पेशंटने त्याच्यापुढे बसायचं. दुखतं का, मळमळतं का, झोप लागते का, एकटं वाटतं का? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. सात किंवा त्याच्या वर दाबलं की सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजायची आणि ती धावत यायची.

गुरुजी असे खुलले म्हणता! "साडेचारचं बटण नाही? कसला परीक्षक हा!" मागे रांग खोळंबलेली, आणि हे चष्मा पुसून विचार करतायत. "मळमळीला तीन. सुरुवात बरी होती, पण सातत्य नाही."

चौथ्या केमोला जाताना मात्र प्रत्येक गतिरोधकावर त्यांनी माझा खांदा इतका आवळला, की शर्टाची शिवण उसवली. कॉम्प्युटरपुढे बसले, कपाळावरचा घाम पुसला आणि दुखण्याला दाबले सहा. घंटी गप्प. डॉक्टरांनी कागद पाहिला. "ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा."

बाहेर आल्यावर माझं डोकंच फिरलं. सिस्टरच्या टेबलापाशीच मी ओरडलो, "गुरुजी, जीव चाललाय तुमचा आणि सहा?"

"अरे गाढवा, सहा म्हणजे वर्गात पहिला!"

सिस्टर आधी खो खो हसली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा, मागच्या वेळचे पाच?"

"दुसरा नंबर," गुरुजी म्हणाले.

ती कागद घेऊन डॉक्टरांकडे पळाली. गोळ्या बदलल्या. आणि कॉम्प्युटरच्या कडेला तिने एक चिठ्ठी चिकटवली: 'बोरस्ते गुरुजी – सहा म्हणजे दहा समजणे.'

पुढच्या खेपेला दुखण्याला दोन. "नापास केलं लेकाला!" गुरुजी खुशीत होते. मग शेवटचा प्रश्न आला, एकटं वाटतं का? एरवी तिथे शून्य दाबून ते उठायचे. त्या दिवशी बोट बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी दहा दाबले.

घंटी वाजली. सिस्टर धावत आली. "बाबा, बोट घसरलं का?"

"नाही." गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. "तुझी काकू रोज ताट वाढून विचारायची, 'आज तरी सात?' पस्तीस वर्षं मी सहाच दिले. वाटायचं, सात दिले तर उद्या विचारणार नाही. आता कुणीच विचारत नाही रे."

मला तिथेच रडू आलं. सिस्टरने दोघांनाही पाणी दिलं.

येताना मी स्कूटर त्यांच्या दाराशी थांबवलीच नाही, त्यांना सरळ आमच्याकडे नेलं. बायकोला आत जाऊन सगळं सांगितलं. तिने आमटी-भात वाढला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोला गुरुजी, किती?"

त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

"पाच," गुरुजी म्हणाले. "उद्या परत विचार."