धुक्यातला गोल

"लिही," मर्विन थॉरलॅक्सन म्हणाला, "मॅनिटोबाच्या उत्तरेकडे इतकी तल्लख बुद्धी आजवर जन्माला आलेली नाही. नजर ससाण्याची. कान... कान कशाचे लिहू या?"

"डाव्या कानात तुझ्या मशीन आहे," मी म्हणालो.

"ते गाळ. लिही, चोवीस वर्षं धान्याच्या कोठारावर होतो, पण एकाही शेतकऱ्याला ओला गहू कोरडा म्हणून खपवू दिला नाही. तेव्हाच ओळखलं, आपण जन्मजात गुप्तहेर आहोत."

मी लिहिलं. गव्हातली ओल सांगणारं यंत्र कोठाराच्या मालकाचं होतं आणि मर्व्ह फक्त त्यावरचा आकडा वाचायचा, तोही चष्मा सापडला तर, हे लिहिलं नाही. निवृत्तीनंतर त्याने सोडवलेली प्रकरणं तीन. दोन मांजरं आणि एक बर्फ उपसायचं फावडं. मांजरं भूक लागल्यावर घरी आली आणि फावडं एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर अंगणातच दिसलं. तिन्हींचं श्रेय त्याने घेतलं आणि डनमॅरोने ते दिलं. आमचं गाव असंच आहे.

चौथं प्रकरण महापौर ग्लेनिसबाईंनी आणलं. हमरस्त्यावरची आमची पाटी, 'डनमॅरो, विजेत्यांचं गाव', वादळात आडवी झाली होती. नवी लावायची म्हणताच शेजारच्या पेल्की गावाचं पत्र आलं: विजेते आम्ही आहोत, तुम्ही असाल तर करंडक दाखवा. करंडक पन्नास वर्षांत कुणी पाहिलेला नव्हता.

"शरदातल्या टर्कीच्या जेवणापर्यंत शोधून द्या," बाई म्हणाल्या. "तेव्हा पेल्कीवालेही येतात. सगळ्यांसमोर त्यांचं तोंड बंद करते."

आता या करंडकाची थोरवी सांगतो. आमची ज्युनियर आइस हॉकी लीग दीड हिवाळा टिकली. संघ चार. त्यातल्या एकाच्या रिंकचं, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाचं छप्पर दुसऱ्या जानेवारीत बर्फाच्या ओझ्याने खाली आलं, दुसऱ्याला प्रशिक्षक मिळेना, आणि उरलेले दोन म्हणजे आम्ही आणि पेल्की एकमेकांशी बोलत नव्हतो. लीगचे अध्यक्ष हर्बर्ट कल्प कंटाळून पश्चिमेला राहायला गेले आणि तिथेच वारले. एवढाच इतिहास. त्यावर आमच्या गावातली माणसं अर्धशतक छाती फुगवून हिंडताहेत.

बोलणं बंद झालं ते पहिल्या हिवाळ्याच्या अंतिम सामन्यात. मार्च महिना, बाहेर अचानक ऊब, पत्र्याच्या रिंकमध्ये चारशे माणसं श्वास टाकताहेत आणि खाली नैसर्गिक बर्फ. धुकं चढलं. दोन्ही संघांना चादरी हातात देऊन बर्फावर चकरा मारायला लावलं, तरी धुकं हटेना. बरोबरीत जादा वेळ सुरू झाला आणि पेल्कीच्या आर्मां गोशेने फटका मारला. रबरी चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, गेली कुठे, हे एकाही माणसाला दिसलं नाही. पंचांनी विचारलं तेही एकाच माणसाला. आमच्या गोलरक्षकाला.

तो म्हणाला, "आत नाही गेली." सामना तिथेच थांबला आणि निकाल अध्यक्षांवर सोडला. तो त्यांनी काय दिला, हे लीग मोडल्याच्या गोंधळात कुणालाच कळलं नाही.

तो गोलरक्षक मी. चकती आत गेली होती. रेषेच्या चांगली पलीकडे, माझ्या टाचेला लागली, आणि मी काठीने ती गुपचूप पुढे ओढली. अठरा वर्षांचा होतो. म्हणून मर्व्हचा मदतनीस व्हायला मी स्वतःहून तयार झालो. करंडक सापडू नये, पुन्हा कुणी मला काही विचारू नये, असं मनापासून वाटत असेल, तर शोधायला मर्व्हपेक्षा लायक माणूस मिळणार नाही.

त्याने माझी निराशा केली नाही. पहिला सिद्धांत असा, की करंडक वितळवून बर्फावर दगड सरकवणाऱ्या कर्लिंग क्लबची बक्षिसाची ढाल केली गेली. त्याने भर सभेत ढाल चावून पाहिली. ढाल लाकडाची निघाली आणि दाताची कवळी ढालीतच राहिली.

दुसरा सिद्धांत, करंडक रिंकच्या मधोमध पुरलाय. "गुन्हेगार नेहमी मध्यभागी पुरतो," मर्व्ह म्हणाला. कोणता गुन्हेगार, कधी, असले प्रश्न त्याला पडत नाहीत. दोन दिवस त्याने मला खणायला लावलं.

"आठवड्यात बर्फ धरायचाय मला इथे!" रिंक सांभाळणारा डेल ओरडला. "काय शोधताय, तेल?"

"सत्य," मर्व्ह म्हणाला.

"मग ते बुजवून जा."

एकोणीस चकत्या सापडल्या आणि एक कवळी. मर्व्हने ती धुऊन लावून पाहिली. बरी बसली म्हणाला.

तिसरा सिद्धांत सगळ्यात सोपा होता, म्हणून सगळ्यात शेवटी सुचला. करंडक आर्मां गोशेने चोरला. "ज्याला मिळाला नाही, तोच चोरणार," मर्व्ह म्हणाला. आम्ही आर्मांच्या शेतावर गेलो. त्याने स्वतःच कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडून दिलं आणि कॉफी विचारली. मर्व्हने जाता जाता वहीत लिहायला लावलं: 'संशयित अति सभ्य.' मी लिहिलं. हात जरा थांबला, पण लिहिलं.

जेवणाचा रविवार उजाडला. चर्चच्या तळघरातला हॉल भरला. टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, बीटचं लोणचं, भोपळ्याची गोड पाय-पेस्ट्री. स्वयंपाकघर माझ्या बायकोच्या, व्हेराच्या ताब्यात. आमच्याकडे घराघरांतून भांडी येतात आणि प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असते, म्हणजे ज्याचं भांडं त्याच्या घरी जातं. मर्व्हने कोबीची कोशिंबीर तिसऱ्यांदा वाढून घेतली, खाल्ली, आणि खुर्चीवर चढला.

"मित्रहो! चोर या हॉलमध्ये टर्की खातोय."

चाळीस माणसांनी चमचे खाली ठेवले.

"आर्मां गोशे," मर्व्ह गरजला, "करंडक कुठे आहे?"

आमच्या गावातली माणसं हसली. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आर्मां सावकाश उठला. त्याने काटा बशीत नीट आडवा ठेवला.

"पन्नास वर्षं तुमच्यासाठी खोटारडा होतो," तो म्हणाला. "माझी पोरं शाळेत तेच ऐकत मोठी झाली. तरी दरवर्षी जेवायला आलो. आता चोरही झालो का?"

मी मान खाली घालून बटाटा कुस्करत बसलो.

तेवढ्यात व्हेरा बाहेर आली. तिच्या हातात कोशिंबिरीचा तो भलामोठा, दोन कानांचा पत्र्यासारखा काळपट वाडगा. तळाला उरलेली कोशिंबीर तिने मर्व्हच्या बशीत ओतली आणि वाडग्याच्या पोटावरची 'हॉलचं भांडं' लिहिलेली रुंद चिकटपट्टी टराटरा ओढून काढली.

"हा घ्या तुमचा करंडक. अध्यक्षांनी पश्चिमेहून बसने पार्सल केला होता, आत चिठ्ठीचपाटी नाही. बस थांबते तिथल्या दुकानदाराला वाटलं जेवणासाठी कुणी वाडगा पाठवलाय, त्याने अक्षरं न वाचताच इथे आणून ठेवला. पन्नास वर्षं सगळे यातूनच जेवताय."

"माझा हाच संशय होता," मर्व्ह म्हणाला. तोंडात कोशिंबीर होती.

ग्लेनिसबाईंनी करंडक हिसकावला, पदराने पुसावा तसा ॲप्रनने पुसला आणि मोठ्याने वाचलं, "विजेते डनमॅरो. गोलरक्षक नेस्टर होलोवाक याच्या प्रामाणिक शब्दावर."

हॉल दणाणला. माझ्या पाठीवर इतक्या थापा पडल्या, की खोकला आला. संपूर्ण करंडकावर माणसाचं नाव एकच होतं, आणि ते माझं. आजवर मी या गावातल्या झाडून सगळ्यांना मूर्ख समजत आलो, आणि त्यात हा सगळ्यात नालायक माणूस मोजायचाच राहिला होता. मला स्वतःची किळस आली.

"गोल झाला होता," मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही. मी उभा राहून ओरडलो, "गोल झाला होता! चकती आत गेली होती. मी खोटं बोललो!"

सगळे माझ्याकडे वळले. मग मर्व्ह हसला.

"अशक्य. एक, करंडकावर तू प्रामाणिक असल्याचं कोरलंय. दोन, प्रामाणिक माणूस खोटं बोलत नाही. म्हणजे आत्ता बोलतोयस ते खोटं. वय झालं रे तुझं, नेस्टर."

"अगदी बरोबर," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "आता फोटो काढू या."

"थांबा जरा," व्हेरा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "झोपेत बडबडतोस तू. लग्न झाल्यापासून ऐकतेय, 'आत गेली, आत गेली.' म्हणून दरवर्षी ती अक्षरं नव्या पट्टीने झाकत होते. म्हटलं, जागेपणी कधीतरी बोलशील." तिने चिकटपट्टीचा तुकडा तोडला, वाडग्याच्या बुडाला लावला आणि पेन माझ्या हातात दिलं. "नाव लिही. ज्याचं भांडं त्याच्या घरी."

मी लिहिलं: पेल्की.

ग्लेनिसबाई काहीतरी बोलायला लागल्या, पण त्या स्वयंपाकघरात महापौरांचं चालत नाही. व्हेराने करंडकात काठोकाठ कोबीचे गुंडाळे भरले, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि तो आर्मांसमोर ठेवला. आर्मांने त्याचे दोन्ही कान धरून तो जवळ ओढला.

"नेस्टर," तो हळूच म्हणाला, "मी पन्नास वर्षं सांगत होतो खरा, पण मला काहीच दिसलं नव्हतं रे. धुकंच होतं सगळं. अलीकडे तर माझंच मला खोटं वाटायला लागलं होतं. कुठून गेली ती?"

"दोन पायांच्या मधून," मी म्हणालो. "झकास फटका होता."