ओळखीचं रिन्युअल

भगतकाकांकडे ओळखीचीसुद्धा मुदत संपते. वर्ष भरलं की ते बोलावतात, खुर्चीत बसवतात, रजिस्टर उघडतात आणि विचारतात, "चालू ठेवाची का बंद कराची?" चालू म्हटलं की शिक्का, मग चहा. गल्लीतल्या दूधवाल्याचंही पान आहे त्यात.

काका लायसनच्या ऑफिसात रिन्युअलच्या खिडकीवर बसून रिटायर झाले. मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. हिंगणघाटला कापसाच्या गाठींचा ट्रक चालवतो. पहिल्या वर्षी माझं लायसन संपत आलं, तेव्हा फॉर्म बघूनच मला घाम फुटला. काका समोरच्या घरातून आले.

"काऊन घाबरून राह्यला बे? कागद हाय, वाघ नाई."

फॉर्म त्यांनीच भरला, म्हणून माझी नोकरी टिकली. तेव्हापासून त्यांच्या रजिस्टरात मी न चुकता सही करतो.

त्यांच्याकडे एक इंग्रजी-स्पॅनिश डिक्शनरी आहे. सगळी कोरी करकरीत, एकच पान मळलेलं.

"एका रिन्युअलचे अर्थ पाह्य किती! लायसनचं, ते रेनोव्हासिओन. मधातच बंद पडलेलं पुन्हा सुरू करनं, ते रेआनुदासिओन. तुले कोनतं पायजे?"

"मला चहा पाहिजे, काका."

"अडानी लेकाचा!"

स्पॅनिश कशाला, हे मला यंदा कळलं. त्यांच्या मुलीनं, सुजातानं, स्पेनमध्ये तिकडच्याच मुलाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. सहा वर्षं बोलणं बंद. आता त्यांनी हातानं एक फॉर्म आखला होता. एका बाजूला मराठी. दुसऱ्या बाजूला, जावयालाही कळावं म्हणून, स्पॅनिश. 'नाते: बाप-लेक. मुदत संपून: सहा वर्षे. विलंबाचे कारण: अर्जदाराचा आडमुठेपणा.' खाली दोन चौकोन. मंजूर, नामंजूर.

"माझ्याकडं साधा फोन हाय. तुझ्या मोबाइलवरून फोटो धाडजो."

"सरळ बोला ना तिच्याशी."

"बोलता नाई येत बे मले. फॉर्म भरता येते."

चार दिवस उत्तर नाही. मोबाइल वाजला की मी ट्रक कडेला घ्यायचो. नामंजूर आलं तर सांगायचं मीच! काका संध्याकाळी फाटकाशी उभे असत. विचारत काही नसत. नुसतं, "जेवला का?"

पाचव्या दिवशी दुपारी मोबाइलवर फॉर्म परत आला. मी ट्रक तसाच लावून धावत सुटलो. मंजूरवर खूण होती. सुजाताच्या सहीखाली निळ्या रंगात एक एवढासा अंगठा, आणि शेजारी तिचं अक्षर: 'हा लिओ, तुमचा नातू. अजून सही येत नाही.'

काका तो अंगठा मोठा करून करून बघत राहिले.

"साक्षीदार पन आनला पोरीनं," म्हणाले, आणि शिक्का शोधायला लागले. टेबल, खण, उशीखाली. "कुठी ठेवला बे मी?"

शिक्का त्यांच्या हातातच होता. मी आत जाऊन चहा ठेवला.